रोमन आणि त्यांचे एट्रुस्कन शेजारी मूळचे कुठले?

इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटसने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. लिडियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात, अ‍ॅटिस राजाच्या काळी भीषण दुष्काळ पडला. भुकेचा विसर पडावा म्हणून लोकांनी फासे, चेंडू असे खेळ शोधून काढले आणि एक दिवस उपाशीपोटी दिवसभर खेळायचे, दुसऱ्या दिवशी खेळ बाजूला ठेवून जेवायचे, अशा रीतीने त्यांनी १८ वर्षे काढली. तरीही दुष्काळ हटेना, तेव्हा राजाने प्रजेचे दोन भाग केले, चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्यांच्या वाट्याला देश सोडणे आले त्यांना आपल्या टायरेनस नावाच्या मुलाच्या हाती सोपवले. या लोकांनी किनाऱ्यावर जहाजे बांधली आणि अनेक देश मागे टाकत ते इटलीत उंब्रियन लोकांच्या मुलखात येऊन स्थायिक झाले. ग्रीक लोक ज्यांना टायरेनियन म्हणत आणि रोमन ज्यांना एट्रुस्की किंवा टस्की म्हणत, ते लोक हेच, असे हेरोडोटसचे सांगणे आहे. इटलीच्या पश्चिमेचा टिरेनियन समुद्र आणि टस्कनी हा प्रांत या दोन्ही नावांत ते अजून शिल्लक आहेत.

योगायोग असा की, या लोकांच्या भाषेविषयीचा एक मोलाचा पुरावा फाशांच्याच रूपाने हाती आला आहे. एकोणिसाव्या शतकात एट्रुस्कन प्रदेशात सापडलेले दोन हस्तिदंती फासे पॅरिसमध्ये जपून ठेवलेले आहेत. त्यांच्या सहा बाजूंवर ठिपक्यांऐवजी सहा शब्द कोरलेले आहेत: थु, त्सल, की, हुथ, माख, शा. हे एक ते सहा आकडे आहेत. हुथ म्हणजे चार की सहा, आणि त्यानुसार शा म्हणजे सहा की चार, याविषयी अभ्यासकांमध्ये बराच काळ वाद चालला. बाकीचे चार बहुतेकांना मान्य आहेत. आता हेच आकडे लॅटिनमध्ये पाहावेत: ऊनुस, दुओ, त्रेस, क्वात्तुओर, क्विंक्वे, सेक्स. दुओ आणि त्रेस ऐकताच मराठी वाचकाला दोन आणि तीन आठवतील, आणि हे साम्य वरवरचे नाही. लॅटिन, ग्रीक, संस्कृत आणि संस्कृतमार्गे मराठी या सगळ्या एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या भाषा आहेत. सेप्तेम म्हणजे सप्त, देकेम म्हणजे दश, इग्निस म्हणजे अग्नि, रेक्स म्हणजे राजा. थु, त्सल, की मात्र या कुळात कुठेच बसत नाहीत. म्हणजे रोमपासून जेमतेम १६ किलोमीटरवर, वेयी नावाच्या एट्रुस्कन नगरात जी भाषा चालत होती, तिच्यापेक्षा रोमनांची भाषा नात्याने आपल्या भाषेला जवळची होती.

दोन शेजारी आणि दोन अगदी परक्या भाषा, हे कोडे पडले की पहिला प्रश्न आपण माणसाला विचारतो तोच मनात येतो: मूळचे कुठले? हा प्रश्न दिसतो एक, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात. यांची भाषा कुठून आली, यांचे रक्त कुणाचे, आणि यांची राहणी, देवधर्म, घरेदारे कशी घडली? या तिन्हींचे उत्तर एकच असले पाहिजे असे आपण नकळत गृहीत धरतो. एट्रुस्कनांच्या बाबतीत अडीच हजार वर्षे जो गोंधळ झाला, त्याचे कारण मला तरी हे गृहीतकच वाटते.

उत्तरेला आर्नो नदी, दक्षिणेला व पूर्वेला टायबर आणि पश्चिमेला समुद्र या चौकटीत एट्रुस्कनांचा मूळ मुलूख, म्हणजे एट्रुरिया, येतो. तार्क्विनिया, चेर्वेतेरी (प्राचीन कैरे), वुल्ची, वेयी, किउसी, व्होल्तेर्रा ही त्यांची नामांकित नगरे. प्रत्येक नगर आपापल्या जागी स्वतंत्र होते आणि परंपरेने अशा १२ नगरांचा संघ मानला जाई. एकछत्री एट्रुस्कन राज्य असे कधीच नव्हते. एल्बा बेटावरचे लोखंड आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांतले तांबे हे त्यांच्या सुबत्तेचे मूळ होते. टायबरच्या दक्षिणेला लॅटिन लोकांचा सपाट, तुलनेने गरीब प्रदेश लागत असे, आणि रोम वसले ते नेमके या दोन मुलखांच्या सीमेवर.

हेरोडोटसची कथा प्राचीन काळी जवळपास सर्वांनी स्वीकारली. रोमन कवी एट्रुस्कनांना सर्रास ‘लिडियन’ म्हणत. तिच्यावर पहिला जोरदार आक्षेप घेतला तो इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये राहून लिहिणाऱ्या डायोनिसियसने, आणि गंमत म्हणजे तो हेरोडोटसच्याच गावचा, हॅलिकार्नाससचा होता. त्याचे म्हणणे मुद्देसूद होते. लिडियाचा इतिहास लिहिणारा झँथस स्वतः लिडियन असूनही अशा स्थलांतराविषयी अवाक्षर काढत नाही. एट्रुस्कनांची भाषा लिडियनांशी जुळत नाही. देव आणि कायदेही वेगळे आहेत. तेव्हा हे लोक इटलीतलेच, अतिप्राचीन आणि भाषेने व चालीरीतींनी इतर कुणाशीही न जुळणारे आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला आणि ते स्वतःला रासेन्ना म्हणवतात, ही मोलाची माहितीही दिली. पुरावा पारखण्याची त्याची पद्धत आजच्या अभ्यासकाला शोभेल अशी आहे, पण त्याचा हेतू तितका निर्मळ नव्हता. रोमन हे मुळात ग्रीकच आहेत, हे त्याला सिद्ध करायचे होते, आणि त्यासाठी रोमच्या जडणघडणीतले एट्रुस्कन हे ग्रीकांशी काहीही नाते नसलेले वेगळे लोक ठरणे त्याच्या सोयीचे होते.

एट्रुस्कन भाषा ‘अजून वाचता आलेली नाही’ असे पुष्कळदा छापले जाते, ते चूक आहे. तिची लिपी ग्रीक लिपीवरून घेतलेली आहे आणि ती कोणालाही थोड्या सरावाने वाचता येते. अडचण आहे ती अर्थाची. सुमारे १३,००० लेख उपलब्ध असले, तरी त्यांतले बहुसंख्य थडग्यांवरचे आहेत: अमका, अमक्याचा मुलगा, इतकी वर्षे जगला. एखादी भाषा फक्त स्मशानातल्या पाट्यांवरून शिकावी, तशी ही गत आहे. सर्वांत लांब मजकूर तर विलक्षण मार्गाने टिकला. तागाच्या कापडावर लिहिलेला एक धार्मिक ग्रंथ फाडून त्याच्या पट्ट्या इजिप्तमध्ये एका ममीला गुंडाळल्या गेल्या होत्या; ती ममी एकोणिसाव्या शतकात झाग्रेबला पोहोचली आणि पट्ट्यांवरची अक्षरे एट्रुस्कन आहेत हे १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला उमगले. त्यात वाचता येण्याजोगे सुमारे १,२०० शब्द आहेत.

अर्थ लावण्याचे काम कसे चालते, याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. १९६४ साली कैरे नगराच्या पिर्गी या बंदरात सोन्याचे तीन पातळ पत्रे गुंडाळलेल्या अवस्थेत सापडले. दोन पत्र्यांवर एट्रुस्कन मजकूर आहे आणि एकावर फिनिशियन. इ.स.पू. ५००च्या सुमारास कैरेचा राजा थेफारी वेलियानास याने देवीला अर्पण केलेल्या वास्तूविषयीचा हा लेख आहे. एट्रुस्कन मजकुरात देवीचे नाव उनी आहे, तर फिनिशियन मजकुरात अस्तार्ते. भाषांतर शब्दाला शब्द नाही, त्यामुळे अभ्यासकांची थोडी निराशाच झाली. पण फिनिशियन मजकुरात जिथे राजाच्या कारकिर्दीचे ‘तिसरे वर्ष’ येते, तिथे एट्रुस्कनमध्ये ‘की अवील’ हे शब्द आहेत. अवील म्हणजे वर्ष हे थडग्यांवरून आधीच ठाऊक होते. फाशावरचा ‘की’ म्हणजे तीन, हे या सोन्याच्या पत्र्याने पक्के केले. याच पद्धतीने क्लान म्हणजे मुलगा, सेख म्हणजे मुलगी, पुइया म्हणजे बायको, अती म्हणजे आई आणि अपा म्हणजे बाप असे शब्द जमत गेले. यांतले शेवटचे दोन आपल्या कानांना ओळखीचे वाटतील, पण तेवढ्यावरून नाते जोडायला जाऊ नये; लहान मूल पहिल्यांदा जे आवाज काढते, त्यांतून आईबापांचे शब्द जगभर जवळपास सारखेच बनतात.

मग या भाषेला कुणी नातलग आहे की नाही? दोन आहेत, आणि ते एकमेकांपासून फार दूर आहेत. एक आहे आल्प्स पर्वतातली रेटिक, जिचे थोडे लेख उपलब्ध आहेत. दुसरी सापडली ती ग्रीसच्या पूर्वेकडच्या लेम्नॉस बेटावर. १८८५ साली तिथे भालाईत योद्ध्याचे चित्र कोरलेली एक शिळा मिळाली. ती इ.स.पू. सहाव्या शतकातली आहे आणि तिच्यावरची भाषा एट्रुस्कनची बहीण शोभेल इतकी जवळची आहे. वर्ष या अर्थाच्या ‘अवील’ शब्दाचे सख्खे रूपसुद्धा तिच्यात आहे. लेम्नॉस आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, किनाऱ्याजवळ असल्यामुळे हेरोडोटसचे समर्थक या शिळेने हरखून गेले. पण रस्ता दोन्ही दिशांनी जातो. पूर्वेकडचे लोक जसे इटलीत येऊ शकतात, तसेच टायरेनियन दर्यावर्दी, ज्यांची त्या काळी चाचे म्हणून ग्रीकांमध्ये चांगलीच दहशत होती, तेही लेम्नॉसला जाऊन राहू शकतात. नुसत्या शिळेवरून याचा निवाडा होत नाही.

जमिनीखालच्या पुराव्याची सुरुवात १८५३ साली बोलोन्याजवळच्या विलानोव्हा या ठिकाणी झाली. जोव्हान्नी गोझ्झादिनी यांना तिथे लोहयुगातली दफनभूमी सापडली, आणि त्या गावावरून या संस्कृतीला विलानोव्हन हे नाव मिळाले. तिचा काळ साधारण इ.स.पू. ९०० ते ७००. हे लोक मृताचे दहन करत आणि अस्थी मातीच्या कलशात ठेवून तो कलश खड्ड्यात पुरत. कलशाचा आकार मधे फुगीर आणि वरखाली निमुळता, म्हणजे दोन भांडी तोंडाला तोंड लावून ठेवावीत तसा असे. झाकण म्हणून एक वाडगा पालथा घालत, आणि मृत व्यक्ती योद्धा असेल तर वाडग्याऐवजी शिरस्त्राण, कधी खरे काशाचे तर कधी मातीचे. कलशावर शिरस्त्राण ठेवले की तो एखाद्या बुटक्या माणसासारखा दिसू लागतो, आणि तोच त्यामागचा हेतू असावा. महत्त्वाची गोष्ट ही की, तार्क्विनिया, वेयी, वुल्ची अशा ज्या पठारांवर पुढे एट्रुस्कन नगरे उभी राहिली, त्याच पठारांवर आधी विलानोव्हन वस्त्या होत्या. मधे जळीत नाही, उजाड काळ नाही, भांड्यांच्या घडणीत अचानक बदल नाही. जहाजे भरभरून आलेल्या परक्या लोकांनी जुन्यांना हटवले असते, तर त्याचा काही तरी मागमूस राहिला असता.

इ.स.पू. ७००च्या सुमारास मात्र श्रीमंतांच्या थडग्यांमध्ये पूर्वेकडच्या वस्तूंचा पूर लोटतो. चेर्वेतेरीला १८३६ साली उघडलेल्या एका थडग्यात सोन्याचे जे नक्षीदार दागिने निघाले, त्यांच्यावर रांगेने चालणारे सिंह आणि पंखवाले प्राणी पाहून कुणालाही पूर्वेची आठवण व्हावी. हेच ते लिडियन, असे काहींनी म्हटले. पण वस्तू व्यापाराने येतात आणि कारागीर पैशासाठी येतात. आपल्या घरात चिनी मातीच्या बरण्या आहेत म्हणून आपले पूर्वज चिनी ठरत नाहीत.

उरला रक्ताचा प्रश्न. २००७ साली टस्कनीतल्या आजच्या रहिवाशांच्या मायटोकाँड्रियल डीएनएचा, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएचा, अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात पश्चिम आशियाशी जुळणारे धागे दिसल्यामुळे ‘हेरोडोटस खरा ठरला’ अशा बातम्या झळकल्या. त्या निष्कर्षात एक कच्चा दुवा होता: आजच्या माणसाच्या शरीरातला धागा त्याच्या पूर्वजांत नेमका कोणत्या शतकात आला, हे त्यावरून नीट सांगता येत नाही. त्यासाठी जुनी हाडेच तपासायला हवीत, आणि तंत्र सुधारल्यावर ते शक्य झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मध्य आणि दक्षिण इटलीतल्या ८२ व्यक्तींचा प्राचीन डीएनए तपासला गेला. त्यांचा काळ इ.स.पू. ८०० ते इ.स. १००० असा पसरलेला होता. एट्रुस्कनांची जनुकीय ठेवण शेजारच्या लॅटिन लोकांसारखीच निघाली. आशिया मायनरमधून त्या काळी नुकत्याच झालेल्या स्थलांतराची खूण तीत आढळली नाही. उलट काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून कांस्ययुगात युरोपभर पसरलेल्या लोकांचा अंश लॅटिनांत होता तसाच एट्रुस्कनांतही होता. पूर्व भूमध्य प्रदेशातल्या लोकांचा मोठा अंश या भागात आला तो पुढे, रोमन साम्राज्याच्या काळात.

इथे कोडे सुटत नाही, तर अधिकच गमतीचे होते. त्या गवताळ प्रदेशातल्या लोकांबरोबरच इंडो-युरोपीय भाषा युरोपात पसरल्या, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मग ते रक्त अंगात असूनही एट्रुस्कनांची भाषा निराळी कशी राहिली? याचे सरळ उत्तर असे की, येणारे लोक प्रत्येक ठिकाणी आपली भाषा लादू शकतातच असे नाही. काही ठिकाणी आलेले लोकच स्थानिकांची भाषा उचलतात, आईची भाषा मुलांच्या तोंडी बसते आणि चार पिढ्यांनी बापाच्या भाषेचा पत्ताही उरत नाही. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांचेही असेच झाले आहे. अंगात गवताळ प्रदेशाचा अंश आहे, पण भाषा मात्र त्या लोकांच्या येण्याआधीची. मास्सिमो पाल्लोत्तिनो या इटालियन अभ्यासकाने १९४७ सालीच, डीएनएचे कोणतेही साधन हाताशी नसताना, सांगून ठेवले होते की एट्रुस्कन आले कुठून हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. ते इटलीच्या मातीवर घडले कसे, हे विचारले पाहिजे. आठ दशकांनंतर त्याचे म्हणणे भक्कमपणे उभे आहे, असे माझे मत आहे.

आता टायबर ओलांडून रोमनांकडे वळू. एट्रुस्कनांच्या मूळपुरुषांविषयी परक्यांनी कथा रचल्या. रोमनांनी स्वतःच्या कथा स्वतःच रचल्या, आणि त्यांची तऱ्हाच न्यारी आहे. कित्येक प्राचीन लोक आपण याच भूमीची लेकरे आहोत असे अभिमानाने सांगत. रोमनांच्या कथेत मात्र जो तो बाहेरचा. मूळपुरुष ईनियस हा जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला निर्वासित. त्याच्या वंशातले रोम्युलस आणि रीमस हे नदीत सोडलेले जुळे, लांडगीच्या दुधावर वाचलेले. रोम्युलसने शहर वसवले खरे, पण रहायला माणसे नव्हती, म्हणून कॅपिटोलाइन टेकडीवर आश्रयस्थान उघडून त्याने पळालेल्या गुलामांना आणि देशोधडीला लागलेल्यांना आत घेतले. बायका नव्हत्या, म्हणून शेजारच्या सॅबाइन लोकांना सणाला बोलावून त्यांच्या मुली पळवल्या. या कथेत शहराचा जन्म इ.स.पू. ७५३चा धरतात, हे साल इ.स.पू. पहिल्या शतकातल्या व्हॅरो या पंडिताच्या गणनेचे आहे. ग्रीक पंडितांच्या हिशेबाने ट्रॉय पडले इ.स.पू. ११८४ला, म्हणजे ईनियस आणि रोम्युलस यांच्यात चारशेहून अधिक वर्षांचे खिंडार पडत होते. ते बुजवण्यासाठी आल्बा लाँगा या नगरातल्या राजांची एक लांबलचक वंशावळ मधे बसवण्यात आली. वंशावळीतली रिकामी घरे नावांनी भरण्याची ही युक्ती आपल्याकडच्या वाचकाला नवी वाटणार नाही.

या कथेचा शब्दशः इतिहास म्हणून उपयोग नाही. पण तिच्यातला सॅबाइन धागा भाषेत खरोखर सापडतो. लॅटिनचे ध्वनिनियम पाळले, तर संस्कृत ‘गो’ शब्दाच्या लॅटिन भावंडाची सुरुवात ‘व’ने व्हायला हवी, प्रत्यक्षात लॅटिनमध्ये गायबैलांसाठी ‘बोस’ हा शब्द आहे, आणि ते ‘ब’ सॅबाइन व तत्सम डोंगरी बोलींचे लक्षण आहे. संस्कृत ‘वृक’ आणि ग्रीक ‘लुकोस’ यांच्या नात्यातला लॅटिन शब्द ‘लुपुस’ असा आहे. त्यातला ‘प’सुद्धा त्याच डोंगरी बोलींचा. म्हणजे रोमच्या कथेतल्या लांडगीचे नावच मुळात शेजाऱ्यांकडून आले आहे! डोंगरातले मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरत, टायबरच्या मुखाजवळच्या मिठागरांतले मीठ नेत, आणि नदीला उतार मिळतो ती बेटाजवळची जागा त्यांच्या वाटेवर होती. ज्या वाटेने मीठ वर जाई, तिला पुढे ‘विया सलारिया’, मिठाचा रस्ता, असेच नाव पडले. मीठ, नदीचा उतार आणि कळपांची वाट जिथे एकत्र येतात, तिथे बाजार भरतो आणि बाजारात बोली मिसळतात.

पॅलाटाइन टेकडीवर १९४८च्या सुमारास उत्खननात मऊ खडकात खोदलेली खांबांची भोके उघडी झाली. ती जोडून पाहिल्यावर सुमारे पाच मीटर लांबीच्या झोपड्यांचे आराखडे दिसू लागले: कुडाच्या भिंती, मातीचा गिलावा, गवताचे छप्पर, पुढे छोटी पडवी. त्यांचा काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासचा आहे. याच टेकडीवर रोमनांनी ‘रोम्युलसची झोपडी’ साम्राज्याच्या काळापर्यंत जपून ठेवली होती. वादळाने किंवा आगीने ती मोडली, की पुजारी ती तशीच गवतकाड्यांनी पुन्हा शाकारत. टेकडीखाली जिथे पुढे फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, झाला, त्या दलदलीच्या दरीत जाकोमो बोनी यांना १९०२ साली जुनी दफनभूमी सापडली, आणि तिथल्या काही कलशांना चक्क झोपडीचा आकार होता, लहानशा दारासह. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस ही दरी भराव घालून, पाणी काढून, फरसबंद करण्यात आली. वेगवेगळ्या टेकड्यांवरच्या वाड्यावस्त्यांचे शहर झाले ते या फरसबंदीच्या वेळी, असे म्हणणे मला ७५३च्या सनावळीपेक्षा अधिक सयुक्तिक वाटते. बोनी यांनाच १८९९ साली फोरममध्ये काळ्या फरशीखाली इ.स.पू. सहाव्या शतकातला एक कोरीव दगड मिळाला होता. त्याच्यावर जुन्या लॅटिनमध्ये ‘रेकेई’, म्हणजे ‘राजाला’, हा शब्द आहे. राजे होते, एवढे तर दगडानेच सांगितले.

परंपरेने सात राजांपैकी शेवटचे तीन एट्रुस्कनांशी जोडले जातात. पाचवा राजा थोरला टार्क्विन हा कोरिंथहून परागंदा झालेल्या डेमारातस नावाच्या ग्रीकाचा तार्क्विनियात जन्मलेला मुलगा. परक्याचा पोर म्हणून तिथे मानाचे पद मिळेना, तेव्हा त्याची बायको तानाक्विल हिने त्याला रोमला चलण्याचा आग्रह धरला. वेशीजवळ एका गरुडाने झडप घालून त्याची टोपी उचलली आणि घिरट्या घालून पुन्हा डोक्यावर ठेवली. शकुन जाणणाऱ्या बायकोने राजयोग ओळखला. त्याच्यानंतरचा सर्व्हियस तुल्लियस हा लॅटिन गुलाम स्त्रीचा मुलगा, असे रोमन सांगत. एट्रुस्कनांची हकीकत वेगळी होती आणि ती आपल्याला कळते सम्राट क्लॉडियसमुळे. या सम्राटाने एट्रुस्कनांचा इतिहास ग्रीक भाषेत २० खंडांत लिहिला होता, तो दुर्दैवाने नष्ट झाला. पण इ.स. ४८ साली गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या सरदारांना सिनेटमध्ये घ्यावे की नाही या वादात त्याने केलेले भाषण काशाच्या पत्र्यावर कोरले गेले आणि तो पत्रा १५२८ साली लिऑनला सापडला. रोमवर परक्यांनी पूर्वीही राज्य केले आहे, असे बजावताना तो सांगतो की एट्रुस्कनांच्या मते सर्व्हियस हा मुळात काएलियस व्हिबेन्ना या एट्रुस्कन सरदाराचा सोबती होता आणि त्याचे एट्रुस्कन नाव मास्टार्ना. पुढे १८५७ साली वुल्चीत एक चित्रित थडगे उघडले गेले. भिंतीवर माणसांच्या जोड्या आहेत, प्रत्येकाच्या डोक्याशी नाव लिहिलेले. मक्स्त्र्ना, म्हणजे मास्टार्ना, तलवारीने काइले विपिनासच्या, म्हणजे काएलियस व्हिबेन्नाच्या, हाताचे बंध कापतो आहे. आणि दुसरीकडे एक जण ग्नेवे तर्खुनिएस रुमाख, म्हणजे ‘रोमचा ग्नेयस टार्क्विन’, याला ठार करायला सरसावला आहे. हा पराक्रमाचा इतिहास एट्रुस्कनांच्या तोंडून कधीच आपल्यापर्यंत पोहोचला नाही. त्याचे एवढे एक रंगीत पान उरले.

यावरून रोम हे एट्रुस्कनांनी जिंकलेले शहर होते, असे पूर्वी ठामपणे लिहीत. तसे मानायला मला आधार दिसत नाही. राज्यकारभाराची आणि कोरीव लेखांची भाषा लॅटिनच राहिली. त्या काळच्या मध्य इटलीत धडपडे सरदार आणि कारागीर आपल्या माणसांसह एका नगरातून दुसऱ्यात जात आणि जिथे जम बसेल तिथले होत. टार्क्विन आणि मास्टार्ना त्यांतलेच असावेत. कॅपिटोलाइनवरच्या ज्युपिटरच्या भव्य मंदिरातली मूर्ती घडवायला वेयीचा वुल्का नावाचा शिल्पी आला होता. वेढलेल्या दांड्यांची जुडी आणि कुऱ्हाड हे रोमन दंडाधिकाऱ्याचे चिन्हही एट्रुस्कनांकडचेच.

पण सर्वांत खोल ठसा उमटला तो अक्षरांवर. मार्सिलियाना येथे सापडलेली इ.स.पू. सातव्या शतकातली एक हस्तिदंती पाटी आहे, तळहातावर मावेल एवढी. मेण ओतण्यासाठी ती मधे खोलगट आहे आणि वरच्या काठावर ग्रीक मुळाक्षरे उजवीकडून डावीकडे कोरलेली आहेत, गिरवणाऱ्याला नमुना म्हणून. तीत ब, द आणि ओ ही अक्षरेही आहेत, जी एट्रुस्कनांना कधीच लागली नाहीत, कारण त्यांच्या भाषेत ते उच्चारच नव्हते. त्यांना क आणि ग यांत भेद करायचा नव्हता, म्हणून ग्रीकांचे ‘ग’चे अक्षर त्यांनी ‘क’साठी वापरले. रोमनांनी लिपी त्यांच्या हातून घेतली आणि पंचाईत ओढवली, कारण लॅटिनमध्ये क आणि ग दोन्ही होते. बरीच वर्षे एकाच अक्षराने दोन्ही कामे भागवल्यानंतर इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याला एक आडवी रेघ जोडून ‘जी’ हे अक्षर तयार केले गेले. तरी गायस या नावाचा संक्षेप ‘सी’ आणि ग्नेयसचा ‘सीएन’ असाच शेवटपर्यंत चालू राहिला. तार्क्विनियातल्या एका थडग्याच्या भिंतीवर मुखवटा घातलेल्या माणसाजवळ ‘फेर्सू’ असे लिहिले आहे. लॅटिनमधला मुखवट्यासाठीचा ‘पेर्सोना’ हा शब्द बहुधा याच्यावरूनच आला, आणि आपण दिवसातून दहादा म्हणतो तो ‘पर्सनल’ त्याच्याच वंशातला.

इ.स.पू. ३९६ साली रोमने वेयी जिंकले आणि पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत एकेक नगर त्याच्या हाती आले. इ.स.पू. ९०च्या सुमारास एट्रुस्कनांना रोमन नागरिकत्व मिळाले. त्यानंतर थडग्यांवर आधी दोन्ही भाषा, मग नुसती लॅटिन दिसू लागते. शेवटपर्यंत टिकली ती बळीच्या यकृतावरून आणि विजेवरून शकुन पाहण्याची विद्या. इ.स. ४०८ साली गॉथ राजा अलॅरिकने रोमला वेढा घातला, तेव्हा टस्कनीहून आलेल्या काही जणांनी शहराच्या प्रमुखाला सांगितले की जुने विधी करून आम्ही शत्रूवर वीज पाडू शकतो. शहर आता ख्रिस्ती होते. हकीकत अशी सांगतात की, पोप इनोसंटने गुपचूप करायला हरकत घेतली नाही. पण विधी सिनेटच्या उपस्थितीत कॅपिटोलाइनवर उघडपणे व्हायला हवा, असे त्या माणसांचे म्हणणे पडले आणि तेवढे धैर्य कुणाला झाले नाही. त्यांना परत पाठवण्यात आले, आणि अलॅरिकला ५,००० पौंड सोने, ३०,००० पौंड चांदी आणि ३,००० पौंड मिरी देऊन वेढा उठवला गेला.